मराठी प्रबंध मार्कडाउनमध्ये कसा लिहावा

तिसऱ्या प्रकरणात एक तळटीप मध्येच घातली आणि पुढच्या सगळ्या टिपांचे हाताने टाकलेले क्रमांक बदलत रात्र घालवली. त्यानंतर मी मार्कडाउनकडे वळलो.

मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरात पेरलेल्या चार खुणा. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली ती वेबसाठी काढली, त्यामुळे मूळ मार्कडाउनमध्ये तळटीपाच नाहीत. प्रबंधाला लागणारे बाकीचे सामान येते ते पॅनडॉकमधून. मार्कडाउनपासून पीडीएफ किंवा वर्डची फाइल बनवणारे हे मोफत सॉफ्टवेअर बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांचे आहे.

आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव टंकातला असेल तर रूपांतर करून घ्या, आणि नंतर डोळ्यांत तेल घालून तपासा. रफार हमखास सरकतात. मग कुठल्याही साध्या एडिटरमध्ये प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करा. ## म्हणजे मथळा, दोन * मधला मजकूर तिरपा आणि [^ ] म्हणजे तळटीप. लिहायचे असे:

## ओवीची घडण

ओवीचे *पहिले तीन चरण* यमकाने बांधलेले असतात.[^चरण]

[^चरण]: चौथा चरण आखूड असतो, म्हणून ओवीला साडेतीन चरणी म्हणतात.

टिपेला नाव द्यायचे, क्रमांक पॅनडॉक घालतो. मथळ्याच्या आधी एक ओळ कोरी सोडा आणि # नंतर जागा ठेवा, नाहीतर मथळा परिच्छेदातच विरघळतो.

आता मराठीची खास अडचण. इनस्क्रिप्ट कळफलकावर #, @, * आणि चौकटी कंसांच्या जागी आपली अक्षरे बसलेली आहेत, त्यामुळे दर खुणेला कळफलक बदलावा लागतो. मी आधी सलग लिहितो आणि खुणा शेवटी एका बैठकीत घालतो. क्रमांकित यादीचे आकडेही इंग्रजीच हवेत, ‘१.’ लिहिले तर पॅनडॉक त्याला यादी मानत नाही.

संदर्भ झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा आणि तिथून बिबटेक फाइल, म्हणजे संदर्भांची साध्या मजकुरातली यादी, काढा. मजकुरात [@खूण] एवढेच लिहायचे. ‘खूण’च्या जागी त्या पुस्तकाची रोमन लिपीतली खूण येईल. पॅनडॉक चालवायच्या आदेशात बिबटेक फाइलचे नाव आणि संदर्भ मांडणाऱ्या साइटप्रॉकचा पर्याय दिला की संदर्भसूची आपोआप शेवटी लागते.

पीडीएफ काढताना मात्र बहुतेकांचा घाम निघतो. त्यासाठी संगणकावर लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लागते, पण त्याचे नेहमीचे इंजिन देवनागरी घेत नाही. म्हणून इंजिन झीलाटेक निवडा आणि मुख्य टंक म्हणून देवनागरीचा टंक सांगा. आयआयटी मुंबईचा शोभिका मोफत आहे आणि त्यात रोमन अक्षरेही आहेत. टंकाच्या पर्यायांत लिपी देवनागरी असल्याचे स्पष्ट लिहा. ते राहिले की जोडाक्षरे सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. मी अशी दहा पाने छापूनही आणली होती.

मार्गदर्शकांना वर्डची फाइल लागतेच. विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे शैली लावलेली एक नमुना फाइल एकदाच तयार करा आणि दर वेळी संदर्भ-दस्तऐवज म्हणून तीच द्या. त्यांच्या दुरुस्त्या मात्र मूळ मार्कडाउन फाइलमध्ये स्वतः उतरवा. वर्डच्या प्रतीत एक शब्द जरी बदललात, तरी पुढच्या वेळी पॅनडॉक चालवल्यावर तो गेलाच समजा.