बेळगावात राहून बुडालेल्या लाकडावरची समुद्रातली जीवसृष्टी कशी अभ्यासायची

झूलॉजीवाल्या पोरापोरींनो, डीप सी म्हटलं की जहाज पाहिजे, पाणबुडी पाहिजे म्हणून विषय सोडून देऊ नका. बुडालेल्या लाकडाचं बरं असतं, प्राणी हुडकत फिरायला लागत नाही, ओंडका टाकायचा आणि गप थांबायचं, ते आपसूक येतात.

समुद्रात लाकूड येतं बरंचसं नद्यांतून. आपल्या खानापूरचीच मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडं जाते, वाटेत धरणं अडवतात, पण म्हादई गोव्यात उतरून पणजीला अरबी समुद्राला मिळते, म्हणजे पुरात वाहिलेलं इकडचं झाड तिकडं जाऊ शकतंय की.

खोलात पहिला मान झायलोफागाचा, हा शिंपल्याच्या जातीचा प्राणी लाकूड पोखरतो आणि कल्ल्यांतल्या बॅक्टेरियांच्या जोरावर पचवतो. शिंपल्यांच्या अभ्यासक रूथ टर्नर बाईंनी १८३० मीटर खोल ठेवलेल्या फळ्या १०४ दिवसांनी काढल्या तर पार पोखरलेल्या. मग त्याची विष्ठा आणि भुसा कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होतं, त्यावर जगणारे बॅक्टेरिया अंगात बाळगणारे छोटे शिंपले येतात, शिवाय मुनिडॉप्सिस अंदमानिका नावाचा खेकड्यासारखा प्राणी लाकूडच खातो.

आता तुम्ही काय करायचं. तीन किलोमीटर खोल आपल्याला जमणार नाही, पण तीच पद्धत जेटीवर शिकता येते. वखारीतनं आंब्याच्या लाकडाचे एकसारखे तुकडे घ्या (सागवान नको, त्याला हे प्राणी लवकर लागत नाहीत). ओव्हनमध्ये वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवा, वजन करा, नंबर कोरा, जात आणि तारीख वहीत लिहा. याचाच कंटाळा सगळ्यांना येतो आणि इथंच प्रोजेक्ट मरतो, कारण किती लाकूड होतं तेच माहीत नसलं तर किती खाल्लं कसं सांगणार? कॅलिफोर्नियाजवळ ३२०० मीटर खोल शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वजनाचे ओंडके टाकले ते याचसाठी, लाकडाच्या आकारावर कोण किती येतं हे बघायला.

जेटीसाठी गोव्याला चोर्ला घाटानं जा नाहीतर कारवारला, तिथं धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीचं मरीन बायोलॉजीचं सेंटर आहे, जाण्याआधी विचारा. जेटीवाल्यांची आणि मच्छीमारांची परवानगी घेतल्याशिवाय काही टांगू नका, शिव्या बसतील. नायलॉन दोरी, तुकडा बुडवायला वजन, आणि दर महिन्याला एक तुकडा काढायचा.

काढताना पाण्यातच पिशवी चढवा, नाहीतर वरचे बारके किडे गळून जातात. तुकडा फोडायच्या आधी ओळखीच्या एक्स-रेवाल्याकडं फिल्म काढून घ्या, आतले बोगदे मस्त दिसतात. मग चिमटीनं प्राणी काढून डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मालिनमध्ये नको. धुतलेलं पाणी बारीक चाळणीतनं गाळा.

ओळखायचं असं: उथळ पाण्यातल्या टेरेडो, बँकिया या लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांचं अंग किड्यासारखं लांब, मागच्या टोकाला दोन चुनखडी झाकणं, बोगद्याला चुन्याचं अस्तर, झायलोफागाला ती झाकणं नसतात. शेवटचं वजन करायच्या आधी तो चुना पातळ अ‍ॅसिडनं काढा मग परत वाळवा, नाहीतर खाल्लेलं लाकूड कागदावर कमी दिसतंय.