टायरात लाकूड फोडा, कंबर वाचवा

सरपण फोडण्यापेक्षा गोळा करण्यातच जास्त दम निघतो. घाव घातला की एक ढलपी इकडे, दुसरी तिकडे. वाका, उचला, पुन्हा उभी करा. मुंबईतल्या गोराई-मनोरीच्या गावठाणात किंवा आरेच्या पाड्यांवर ज्यांच्याकडे अजून चूल नाहीतर बंब पेटतो, त्यांना हे सांगायला नको. यावरचा उपाय पंक्चरवाल्याकडे पडलेला असतो: छोट्या मोटारीचा जुना टायर. ओंडका त्यात उभा करून फोडला की ढलप्या आतच राहतात. 12 किंवा 13 इंची रिमचा बघा. स्कूटरचा लहान पडतो, ट्रकचा उचलवत नाही.

खाली ठोकळा हवा. फूटभर उंच, दीड फूट रुंद आणि शक्यतो गाठाळ, म्हणजे तो स्वतःच फुटणार नाही.

टायर बसवण्याआधी त्याला भोकं पाडा. मुंबईत हे टाळून चालत नाही. टायरात साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास वाढतात. टायर ठोकळ्यावर आडवा ठेवला की त्याची कड थोडी बाहेर येते. तिथे खालच्या अंगाला अर्ध्या इंचाची पाच-सहा भोकं पुरतात. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्यात ड्रिल घालू नका, आत पोलादी तारा असतात. मग आतून, खालच्या अंगातून, वॉशर लावलेले चार लांब स्क्रू ठोकळ्यात पिळा.

ओंडके फूट-सव्वाफुटाचे कापा. ते टायरच्या वर चार-सहा इंच दिसले पाहिजेत, नाहीतर दांडा रबरावर आपटतो आणि हाताला झिणझिण्या येतात. बारीक असतील तर तीन-चार एकत्र उभे करा, पण ठासू नका. फाकायला जागा लागते.

पहिला घाव मधोमध घालायचा मोह होतो. त्यापेक्षा आधीची भेग शोधा, ती नसेल तर कडेने सुरुवात करा. गाठ असलेलं टोक खाली. पातळ पात्याची कुऱ्हाड रुतून बसते. जाड, पाचरीसारखं पातं लाकूड फाकवतं. पाय फाकवून उभे राहा, घाव उतरताना गुडघे वाकवा. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा. चपला घालून हे काम नको.

लाकूड पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांचं ठीक. उभं झाड तोडायचं तर ते स्वतःच्या आवारातलं असलं तरी महापालिकेची परवानगी लागते.

फोडलेलं सगळं टायरातच उभं राहतं. तिथून थेट विटांवर रचा. ताडपत्री फक्त वरून टाका, बाजू उघड्या ठेवा. चहूबाजूंनी गुंडाळलेलं सरपण मुंबईच्या दमट हवेत आतल्या आत बुरसटतं.