गवती चहाचा वास परत आला

शिवाजी पेठेतल्या आमच्या परड्यात गवती चहाचा ठोंब सात वर्षं जुना. गेल्या पावसाळ्यात पातींवर तपकिरी ठिपके आले, बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागायची. हा तांबेरा, बुरशीचा रोग. शिवाय चहात पाच-सहा पाती टाकल्या तरी लिंबाचा वास येईना. तो वास पातीतल्या तेलातल्या सिट्राल नावाच्या सुगंधी द्रव्याचा. गवती चहाच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के तेच असतं.

मी आधी युरिया टाकला, ते चुकलं. पाती लुसलुशीत झाल्या आणि तांबेरा आणखी पसरला. आई म्हणाली, "अरं, ठोंब किती दाटलाय बघ, आत वारं कुठनं जाणार?"

पाऊस उघडल्यावर पाती वीतभर ठेवून कापल्या. रोगट पाती खतात टाकल्या नाहीत, जाळल्या. मग कुदळीनं अख्खा ठोंब उपटला. मधला भाग वाळून लाकडासारखा झाला होता, तो फेकला. कडेचे कोवळे फुटवे मुळांसकट सोडवून दोन-दोनच्या जोडीनं दीड फुटावर लावले. काळ्या मातीत पाणी तुंबतं म्हणून वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून वाफा उंच केला. जागाही बदलली, आंब्याच्या सावलीतून थेट उन्हात. पाणी आता फक्त बुडाशी.

तीन महिन्यांनी पहिली पात मोडली. चुरगळताच बोटांना वास लागला, हात धुतल्यावरही राहिला. आता दोनच पाती पुरतात.