पेंट मारायच्या आधी गाडीचं पॅनल दोन कपड्यांनी पुसा

पेंट मारल्यावर बारीक गोल खड्डे पडतात ना, फिश आय म्हणतात ते, बहुतेक वेळा पॅनलवर राहिलेल्या वॅक्स, तेल नाहीतर सिलिकॉनवाल्या पॉलिशमुळे.

१. आधी शाम्पू-पाण्याने धुवून पूर्ण सुकवा.

२. मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, म्हणजे पॅनलवरचं वॅक्स आणि तेलकटपणा काढायचं लिक्विड. एका स्वच्छ कपड्यावर घेऊन छोटा भाग ओला करा आणि तो ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या कपड्याने उचलून घ्या, कारण सुकू दिलं की घाण तिथेच परत बसते, नुसती पसरवल्यासारखं होतं. कपडे सारखे पालटत राहा. इंदूरला एप्रिल-मे मध्ये उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे जमतच नाही, लगेच उडून जातं, म्हणून गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या.

३. हे पुसणं सँडपेपरने घासायच्या आधी करा, नाहीतर पेपरने तेच ग्रीस ओरखड्यांत दाबलं जातं. घासून झाल्यावर परत एकदा.

४. शेवटी टॅक क्लॉथ, म्हणजे धूळ उचलणारा चिकट कपडा, अगदी हलक्या हाताने फिरवा, दाबलं तर त्याचा चिकटा पॅनलला लागतो.

त्यानंतर उघडा हात लावू नका, खड्डे पडायला बोटांचं तेलही पुरतं.

आणि रिमूव्हरऐवजी स्वस्त थिनर वापरू नका, जुना पेंट किंवा प्रायमर नरम पडू शकतो. ग्लोव्ह्ज घाला, जवळपास बिडी-सिगरेट अजिबात नको.