ऐकू कमी येतं? अमेरिकेत घर घेताना स्मोक अलार्म असा तपासा

इन्स्पेक्शनच्या, म्हणजे घर घेण्याआधीच्या तपासणीच्या, दिवशीच प्रत्येक अलार्म छतावरून काढून मागची तारीख वाचा. तयार होऊन 10 वर्षं उलटली असतील तर बटण दाबल्यावर वाजला तरी तो बदलायचाच.

नेहमीचा भोंगा सुमारे 3100 हर्ट्‌झचा, कर्कश असतो. वयोमानाने नेमके हेच उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून झोपायच्या खोलीत 520 हर्ट्‌झचा, खालच्या स्वराचा अलार्म लावा.

रात्री श्रवणयंत्र काढल्यावर काहीच ऐकू येत नसेल तर स्ट्रोब, म्हणजे झगझगीत लुकलुकणारा दिवा हवा. छतापासून 24 इंचांच्या आत असेल तर 177 कँडेलाचा (कँडेला हे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप), त्याहून खाली असेल तर 110 चालतो. धूर वर साचून प्रकाश अडवतो, म्हणून हा फरक. पण गाढ झोपेत नुसत्या उजेडावर विसंबू नका. अलार्म वाजला की थरथरणारी चकती घ्याच आणि ती उशीखाली ठेवा, जाड फोमच्या गादीखाली हादरा विरतो.

खरी गफलत अलार्म, दिवा आणि चकती एकमेकांना जोडण्यात होते. हॉलमधला अलार्म वाजतो, बेडरूममधला दिवा मात्र पेटत नाही. काही चकत्या भोंग्याचा आवाज ऐकून चालू होतात, आणि दार लावलं की तो आवाज पुरत नाही. म्हणून बेडरूमचं दार बंद करून सगळ्यात लांबच्या अलार्मचं बटण कुणाला तरी दाबायला लावा. मग मेन स्विच बंद करून, बॅटरीवर, पुन्हा एकदा.