घरच्यांच्याच जाचाविरुद्ध दाद मागताना या चुका टाळा

स्वतःच्या कष्टाच्या घरात मुलाच्या शिव्या ऐकत, एका खोलीत कोंडून घेऊन दिवस काढणारे आईवडील बहुधा फार उशिरा बोलतात. बोलतात तेव्हाही आधी पोलीस चौकी, मग ओळखीचा नगरसेवक, मग पुन्हा चौकी अशा फेऱ्या होतात. ‘घरगुती मामला आहे, आपसात मिटवा’ एवढंच ऐकून ते घरी येतात आणि घरातला जाच आणखी वाढतो. कायदा त्यांच्या बाजूने आहे, तरी अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला किंवा अपुरा लिहिला, तर हाती काही लागत नाही.

मुख्य कायदा म्हणजे आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू आहे. अर्ज कोर्टात करायचा नसतो. उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपण ज्याला प्रांत कार्यालय म्हणतो, तिथे या कायद्याचं न्यायाधिकरण चालतं. तुम्ही राहता तिथे किंवा मुलं राहतात त्या जिल्ह्यात, कुठेही अर्ज चालतो. आईवडिलांना 60 वर्षं पूर्ण असण्याची अट नाही. ती अट ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणून येणाऱ्यांना आहे. स्वतः जाणं शक्य नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली कोणीही व्यक्ती किंवा संस्था तुमच्या वतीने अर्ज करू शकते.

पहिली मोठी चूक म्हणजे हा फक्त पोटगीचा कायदा आहे असं समजणं. निवृत्तिवेतन आहे, पैशांची गरज नाही, मग आपल्याला याचा काय उपयोग, असं म्हणून कित्येक जण मागे फिरतात. कायद्यातल्या ‘चरितार्थ’ या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हे सगळं येतं. स्वतःच्या घरात सुरक्षितपणे राहता यावं म्हणून छळणाऱ्या मुलाला घराबाहेर काढण्याचे आदेशही न्यायाधिकरण देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2020 च्या निकालात ते मान्य केलं आहे. मात्र दर प्रकरणात असा आदेश मिळेलच असं नाही. ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी तो गरजेचा आहे हे दाखवावं लागतं.

आणि ते दाखवायचं असतं अर्जातच. कलम 17 नुसार या न्यायाधिकरणापुढे वकील उभा करता येत नाही. त्यामुळे तुमच्या वतीने बोलणार तो कागद. (तो कागद वकिलाकडून लिहून घ्यायला काहीच हरकत नाही, आणि आम्ही तसंच सुचवू. निर्वाह अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, आपल्या वतीने बाजू मांडायलाही सांगता येतं.) प्रांत कार्यालयात येणारे अर्ज असे असतात: ‘मुलगा व सून त्रास देतात, नीट बोलत नाहीत, तरी त्यांना समज द्यावी ही विनंती.’ यावर अधिकारी समजच देणार, दुसरं काय करणार? त्याऐवजी असं लिहा: ‘दि. 4 रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास मुलाने स्वयंपाकघराला कुलूप लावले. आम्हा दोघांना सकाळपर्यंत पाणीही मिळाले नाही. मला इन्सुलिन घ्यायचे होते, ते फ्रिजमध्ये आत राहिले.’ तारीख, वेळ, नेमकं काय केलं, त्याचा परिणाम काय झाला. अशा पाच-सहा घटना क्रमाने लिहिल्या तर चार पानांच्या रडगाण्यापेक्षा त्यांचं वजन जास्त पडतं.

शेवटी मागण्या वेगवेगळ्या क्रमांकाने लिहा: घर रिकामं करून द्यावं, ते होईपर्यंत अमुक खोली, संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघराचा वापर अडवू नये, दरमहा अमुक रक्कम द्यावी, निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कम द्यावी. जे मागितलंच नाही, ते आदेशात येईल अशी आशा धरू नका. रकमेची कायद्यातली कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये आहे, म्हणून 25,000 मागून वेळ घालवू नका. त्याहून जास्त हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (जुनं कलम 125) न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पण दोन्हीपैकी एकच मार्ग निवडावा लागतो, हे आधी ठरवा.

सोबत घराच्या मालकीचा कागद लागतो: इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा. जोडीला वयाचा पुरावा, दवाखान्याचे कागद, पोलिसांकडच्या तक्रारींच्या प्रती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसेल तर पुढे तारीखही मागता येत नाही.

घर कोणाच्या नावावर आहे, यावर बरंच अवलंबून असतं आणि इथे गफलती होतात. घर मुलाच्या नावावर असेल तर त्याला तिथून काढता येणार नाही; चरितार्थ आणि निवारा मात्र मागता येतो. कर्ज मिळावं म्हणून मुलाचं नाव सहमालक म्हणून घातलं असेल किंवा घर वडिलोपार्जित असेल तर मामला अवघड होतो, कारण हिस्सा कोणाचा किती हे ठरवणं दिवाणी न्यायालयाचं काम आहे. भाचा-पुतण्याबद्दलही गैरसमज आहे. अपत्यहीन ज्येष्ठांना नातेवाइकाकडून चरितार्थ मागता येतो, पण तो त्यांचा कायदेशीर वारस असावा लागतो आणि मालमत्ता त्याच्या ताब्यात असावी किंवा पुढे त्याला मिळणार असावी लागते.

सुनेबद्दल जास्त जपून पावलं टाका. कायद्यातल्या ‘मुलं’ या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून येत नाही. तिच्याकडून पोटगी मागू नका. तिला घराबाहेर काढण्याचा प्रश्न आला की कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला मिळालेला सामायिक घरात राहण्याचा हक्क समोर येतो. 2020 च्या त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं की दोन्ही कायद्यांचा मेळ घालून निर्णय द्यावा. नवरा-बायकोच्या भांडणात सुनेला हुसकावण्यासाठी सासू-सासऱ्यांना पुढे करणं ही तर सरळ चूकच. असे अर्ज ओळखू येतात आणि खऱ्या पीडितांकडेही मग संशयाने पाहिलं जातं.

आईसाठी आणखी एक दार उघडं आहे, आणि ते फार कमी जणांना ठाऊक असतं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त सुनांसाठी नाही. आई या कायद्याखाली मुलाविरुद्ध अर्ज करू शकते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकल्यावर सुनेविरुद्ध किंवा मुलीविरुद्धही करू शकते. घर कोणाच्या नावावर आहे ते इथे आडवं येत नाही. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घटना अहवाल भरायचा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करायचा. तातडीचा अंतरिम आदेशही मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्न न पाहता मोफत मिळतो; त्यासाठी 15100 वर फोन करा. वडिलांना मात्र हा कायदा लागू होत नाही, म्हणून दोघांचे अर्ज वेगवेगळ्या ठिकाणी करावे लागू शकतात.

मारहाण झाली असेल तर आधी सरकारी दवाखाना. साधी दुखापत अदखलपात्र धरली जाते. पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. पण हाड मोडलं, निखळलं किंवा दात पडला तर ती गंभीर दुखापत ठरते आणि गुन्हा दखलपात्र होतो. मनगट सुजलं असताना ‘बाथरूममध्ये पडलो’ असं डॉक्टरांना सांगून मुलाला वाचवणारे आईवडील पुष्कळ आहेत. त्यांची माया समजते, पण पुढे तोच केसपेपर त्यांच्याविरुद्ध वापरला जातो. खरं कारण सांगा आणि एक्स-रे जपून ठेवा. कोंडून ठेवणं हाही दखलपात्र गुन्हा आहे. चौकीत तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना पाठवा. प्रसंग चालू असतानाच 112 लावा; सल्ल्यासाठी ज्येष्ठांची 14567 ही हेल्पलाइन आहे.

सगळ्यात महाग पडणारी चूक छळ सुरू होण्याच्या आधीच झालेली असते: बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे (वर स्थानिक अधिभार). त्यामुळे ‘आत्ताच करून टाका, नंतर भरपूर खर्च येईल’ म्हणून सह्या घेतल्या जातात. कलम 23 नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. पण अट होती हे दिसलं पाहिजे. अट न दाखवल्याने सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठांच्या विरोधात निकाल गेलेला आहे (डिसेंबर 2022). उलट 2 जानेवारी 2025 च्या निकालात, सांभाळण्याचं लेखी वचन असल्यामुळे, बक्षीसपत्र रद्द होऊन आईला घराचा ताबा मिळाला. म्हणून दस्तात स्पष्ट लिहून घ्या: ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा हयातभर अन्न, निवारा व औषधपाण्यासह सांभाळ करावयाचा आहे, या अटीवर हे बक्षीस दिले असून अटीचा भंग झाल्यास ते रद्द होईल.’ हक्कसोडपत्रालाही हेच लागू. त्याहून चांगलं म्हणजे मृत्युपत्र. ते हयातीत कधीही बदलता येतं आणि घर तुमच्याच नावावर राहतं. मुलाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र रद्द करायचं असेल तर तसं बँकेलाही लेखी कळवा, नाहीतर खात्यातून पैसे जातच राहतात.

अर्ज दाखल झाला की प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतं. एक महिन्यात समेट होणं अपेक्षित असतं. मुलगा रडतो, माफी मागतो, आणि आई अर्ज मागे घेते. हे करू नका. समेट झाला तर अटी, तारखा आणि रक्कम लिहून त्याप्रमाणे आदेशच मागा. तसा आदेश काढण्याची तरतूद कायद्यात आहे. मागे घेतलेल्या अर्जाच्या जोरावर काहीच वसूल होत नाही.

चरितार्थाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाली निघावा असं कायदा सांगतो. अपवादात्मक कारणाने आणखी 30 दिवस मिळतात. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेश पहिल्याच तारखेला मागा. निकाल विरोधात गेला तर अपील 60 दिवसांत. बाजूने लागला तर मुलगा हायकोर्टात जाण्याची शक्यता धरून तिथे कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) लावून ठेवता येतं. रक्कम नेहमी बँक खात्यातच घ्या, म्हणजे कुठला महिना चुकला ते दाखवता येईल. थकलेल्या महिन्यासाठी वसुलीच्या वॉरंटचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो; वाट पाहत राहिलात तर त्या महिन्याचं वॉरंट मिळत नाही. वेळेत केला तर न भरणाऱ्याला एक महिन्यापर्यंत किंवा रक्कम भरेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, तुरुंगात ठेवता येतं.