टूर कंपनीला टाळं लागलं? या चुका टाळा

मावशी-काकांची अंदमानची सहल नऊ दिवसांवर आली होती. त्या सकाळी टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला: पेठेतल्या ऑफिसचं शटर खाली आणि त्यावर 'काही दिवस कार्यालय बंद राहील' असा कागद. मालक ग्रुपवर लिहीत राहिला, 'कुणाचा रुपया बुडणार नाही.' सगळे थांबले, मावशीही थांबली. विमानाची तिकिटं मात्र खरोखर काढलेली होती, पक्की होती. हे तिला कळलं तेव्हा विमान जाऊन चार दिवस झाले होते. मला त्याची अजून हळहळ वाटते, कारण तपासायला पाच मिनिटं पुरली असती.

पैशांच्या मागे लागण्याआधी बुकिंग तपासा. पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा बुकिंग क्रमांक, विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, हॉटेलला स्वतः फोन करून तुमच्या नावावर खोली आहे का आणि पैसे पोचलेत का ते विचारा. तिकीट जिवंत असेल तर घाबरून रद्द करू नका. एजंटने काढलेल्या तिकिटाचा परतावा सहसा एजंटच्याच खात्यात जातो, म्हणजे बंद शटरच्या आत. डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाच्या नियमानुसार एजंटमार्फत घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवर असते, म्हणून आधी कंपनीला ई-मेल करा, त्यात एजंट बंद पडल्याचं स्पष्ट लिहा आणि मगच निर्णय घ्या.

दुसरी चूक वाट बघण्याची. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर त्याच दिवशी बँकेकडे 'सेवा मिळाली नाही' म्हणून चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत, मागा. त्याला मुदत असते आणि मालकाच्या 'पुढच्या आठवड्यात देतो'मध्ये ती संपून जाते. सहल हप्त्यांवर घेतली असेल तर रागाने हप्ता थांबवू नका. कर्ज बँकेचं आहे, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमचीच बिघडेल. बँकेला लेखी कळवा आणि हप्ता चालू ठेवा.

मावशीने आणखी एक गोष्ट केली, जी पुण्यात बरेच जण करतात. मालकाने 'रिफंडसाठी मूळ पावत्या जमा करा' म्हटल्यावर तिने त्या देऊन टाकल्या. पावती, माहितीपत्रक, मेसेज, बँकेची नोंद यातलं मूळ काहीही हातातून सोडू नका, फक्त प्रत द्या. 'पुढच्या वर्षी याच किमतीत सहल' किंवा 'आता काही येणं बाकी नाही' अशा कागदावर सही नकोच. पुढच्या तारखेचा चेक दिला तर घ्या, पण त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत भरा. न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते.

आता तक्रार कुणाविरुद्ध? इथे फार गोंधळ होतो. पाटीवरचं नाव म्हणजे कायद्यातलं नाव नव्हे. पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाका. खरं नाव आणि व्यवसाय एकट्या मालकाचा, भागीदारीचा की कंपनीचा, हे तिथे दिसतं. एकटा मालक किंवा भागीदार वैयक्तिकरीत्या देणं लागतात. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर सहसा फक्त कंपनी. पावती कच्ची असेल तर इथेच अडतं.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी दिल्लीची असली तरी तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत 2 वर्षं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, पण तिथल्या नोंदीने ती 2 वर्षं थांबत नाहीत. आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज दिलात तरी थांबत नाहीत. फसवणूक असेल तर तो अर्ज जरूर द्या, फक्त त्याच्या भरवशावर आयोगाची तक्रार लांबवू नका.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर वाट वेगळी. एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की कंपनीविरुद्धचे दावे थांबतात. मग दावा रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया हाताळायला नेमलेल्या व्यक्तीकडे, जाहीर निवेदनातल्या तारखेच्या आत करायचा. हे निवेदन स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रातही येतं, म्हणून छोट्या जाहिरातींची पानं चाळत राहा. बँका रांगेत तुमच्या पुढे असतात, पैसे थोडेच मिळतील. तरी दावा न केल्यास तेही नाहीत. मे 2023 मध्ये गो फर्स्टची विमानं थांबली तेव्हा तिकिटं काढलेले असंख्य प्रवासी याच रांगेत अडकले.

परदेशी सहलीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. एजन्सीने तुमच्याकडून टीसीएस (सहलीच्या पैशांबरोबरच घेतला जाणारा आयकर) घेतला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का, ते आयकर खात्याच्या पोर्टलवर बघा. झाला असेल तर विवरणपत्रात मागता येतो, शिवाय पैसे दिल्याचा तो पुरावाही ठरतो. पावत्या गेलेल्या माणसाला तेवढाच आधार.